नायक व्हायला नकार देणारी पोरं

"कार्यकर्त्यांनी आता कार्टून बघत बसायचं का?"

गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासवर्गाने विहाराच्या सभागृहात हायाओ मियाझाकींचे जपानी अ‍ॅनिमेशनपट दाखवायचे ठरवले, तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आम्हाला हा प्रश्न विचारला. प्रश्न रागाचा होता, पण बिनबुडाचा नव्हता. शिष्यवृत्त्या रखडलेल्या, वसतिगृहांची दैना, रोज कुठून तरी अत्याचाराची बातमी, आणि पोरं पडद्यावर उडणारे ड्रॅगन बघणार? त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. तीन रविवारी तीन चित्रपट पाहून आणि त्यावर कडाक्याचे वाद घालून झाल्यावर जे उत्तर सापडले, ते इथे मांडतो आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. जपानी अ‍ॅनिमेशन म्हटले की आपल्याकडच्या एका पिढीला १९९३ सालचा रामायणावरचा चित्रपट आठवतो. टीव्हीवर तो कितीदा तरी लागला, अलीकडे थिएटरातही पुन्हा आला. त्याचा नायक जन्मतःच नायक आहे. तो कोणाच्या पोटी, कोणत्या कुळात आणि कशासाठी जन्मला हे कथा सुरू होण्याआधीच ठरलेले. आपल्या कानावर पडलेल्या बहुतेक कथांचा साचा हाच आहे. कर्णाचेच बघा. सूतपुत्र म्हणून आयुष्यभर हिणवला गेलेला कर्ण स्वतःच्या हिमतीवर मोठा झाला, एवढे कथेला पुरत नाही. त्याच्या शौर्याचा खुलासा करायला शेवटी त्याला कुंतीचा मुलगा ठरवावे लागते. म्हणजे गुण आला तो रक्तातूनच! जातिव्यवस्था फक्त ग्रंथांतून आणि कायद्यांतून टिकत नाही, ती लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतूनही टिकते. म्हणून नायक कसा घडतो हा प्रश्न आम्हाला करमणुकीचा वाटत नाही, राजकीय वाटतो.

मियाझाकींच्या पोरांना नायक व्हायचेच नसते. हाच त्यांचा आणि आपला दुवा आहे.

पहिल्या रविवारी आम्ही १९९७ सालचा 'प्रिन्सेस मोनोनोके' पाहिला. आशिताका हा एमिशी जमातीतला तरुण. एमिशी म्हणजे यामातो सत्तेने उत्तरेकडे हुसकावलेले लोक. गावावर चालून आलेल्या पिसाळलेल्या रानडुक्कर-दैत्याला तो मारतो, गावातल्या मुलींचा जीव वाचवतो, आणि त्या झटापटीत त्याच्या हाताला शापाचा डाग लागतो. गाव काय करते? त्याला निघून जायला सांगते. तो केस कापतो आणि रात्रीच बाहेर पडतो. रिवाज असा की त्याला निरोप द्यायलाही कोणी यायचे नाही. ज्यांच्यासाठी डाग लागला त्यांनीच वेस दाखवली. हा प्रसंग सुरू असताना सभागृहात कोणी बोलत नव्हते. डाग कशाला म्हणतात आणि वेस कशाला म्हणतात, हे तिथे बसलेल्या कोणालाच समजावून सांगावे लागले नाही.

पुढे तो लोखंड गाळणाऱ्या वस्तीत पोहोचतो. तिथली प्रमुख एबोशी हिने कुंटणखान्यांतून सोडवून आणलेल्या बायका भाता चालवतात. आतल्या एका वाड्यात पट्ट्या गुंडाळलेले कुष्ठरोगी बंदुका बनवतात. त्यांतला एक म्हातारा रुग्ण सांगतो की, आम्हाला माणूस म्हणून वागवणारी हीच एक बाई. हे दृश्य हवेतून आलेले नाही. टोकियोजवळ मियाझाकींच्या घरापासून फार लांब नसलेली कुष्ठरुग्णांची एक मोठी वसाहत आहे, तामा झेनशोएन. ते तिथे जात असत, आणि त्या भेटींचा या चित्रपटाशी असलेला संबंध त्यांनी जाहीरपणे सांगितला आहे. कुष्ठरुग्णांना आयुष्यभर कोंडून ठेवण्याला आधार देणारा जपानचा कायदा रद्द झाला तो १९९६ साली. चित्रपट आला त्याच्या पुढच्याच वर्षी.

पण इथे आमची एक तक्रारही आहे. जपानमध्ये जन्मावरून बहिष्कृत ठरवलेला एक समाज आहे, बुराकुमिन. कातडी कमावणे, मेलेली जनावरे उचलणे, गुन्हेगारांना फाशी देणे ही कामे त्यांच्या माथी मारली गेली. त्यांना 'एता' म्हणजे मलिन आणि 'हिनिन' म्हणजे अमाणूस असे म्हटले गेले. १८७१ साली सरकारी फर्मानाने हा दर्जा रद्द झाला, भेदभाव मात्र राहिला. ३ मार्च १९२२ रोजी क्योटोमध्ये त्यांनी सुइहेइशा ही स्वतःची संघटना उभी केली आणि कोणाच्या दयेची वाट न पाहता माणुसकीचा जाहीरनामा काढला. त्यानंतर पाच वर्षांनी आपले पूर्वज महाडला चवदार तळ्यावर गेले. या दोन समाजांनी ही लढाई स्वतंत्रपणे सुरू केली, आणि २००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत दलित आणि बुराकु संघटना जन्माधारित भेदभावाचा प्रश्न घेऊन एकत्र उभ्या राहिल्या. 'मोनोनोके'त बहिष्कृत माणसे आहेत, पण बुराकु हे नाव कुठेही नाही. आपल्या सिनेमातला गरीब जसा आडनावाशिवाय असतो, तसेच हे. जपानी म्हणून कौतुक करताना हे मौन विसरता येणार नाही.

नावाचा हाच प्रश्न दुसऱ्या रविवारी आणखी ठसठशीतपणे समोर आला. २००१ सालचा 'स्पिरिटेड अवे', ज्याला पुढे ऑस्कर मिळाला. दहा वर्षांची चिहिरो रडकी, घाबरट, आईचा हात न सोडणारी. आईबाप डुकरे होऊन बसतात आणि ती देवभुतांच्या स्नानगृहात अडकते. तिथली मालकीण युबाबा तिच्याशी करार करते आणि करारावरची तिच्या नावाची अक्षरे काढून घेते. उरते ते एकच अक्षर, सेन. आजपासून तू सेन. नाव विसरलीस तर परतीची वाट विसरलीस. तिथला हाकू नावाचा मुलगा स्वतःचे खरे नाव विसरलेला आहे, म्हणून तो गुलाम आहे.

नावावर ताबा म्हणजे माणसावर ताबा, हे मनूला चांगले माहीत होते. शूद्राचे नाव तुच्छतादर्शक असावे असे मनुस्मृती सांगते. आमच्या आज्या-पणज्यांची नावे आठवून बघा. कचरू, धोंडू, दगडू. आणि आज? शहरात खोली बघायला गेलेल्या पोराला घरमालक पहिले नाव विचारून थांबत नाही, "पूर्ण नाव सांगा" म्हणतो. जपानमध्ये हेच काम गावाचे नाव करते. बुराकु वस्त्यांच्या नावांच्या याद्या कंपन्यांना छुप्या पद्धतीने विकल्या जात होत्या, हे १९७५ साली उघड झाले. नोकरीला उमेदवार घेण्याआधी तो कुठला हे तपासण्यासाठी! चिहिरो आपले नाव जपून ठेवते, आणि मग हाकूलाही त्याचे नाव परत मिळवून देते. तो एका नदीचा आत्मा निघतो. ती नदी बुजवून तिच्यावर इमारती उभ्या राहिलेल्या असतात.

याच चित्रपटातल्या एका प्रसंगावर आमचा सर्वांत मोठा वाद झाला. स्नानगृहात एक भयंकर दुर्गंधीचा पाहुणा येतो. सगळे नाक दाबून पळतात. काम कोणाला मिळते? सर्वांत नवीन, सर्वांत खालच्या पोरीला. सेन चिखलात उतरते, तिच्या हाताला त्याच्या अंगात रुतलेले काहीतरी लागते. दोर बांधून सगळे ओढतात, तेव्हा एक सायकल निघते आणि तिच्यामागून ढीगभर कचरा. घाण निघून गेल्यावर कळते की तो एका मोठ्या नदीचा देव होता. घाण त्याची नव्हतीच, ती त्याच्यात टाकली गेली होती.

आमच्यातल्या एकाला हा प्रसंग फार आवडला. पण गटारसफाई कामगाराची मुलगी असलेली एक मैत्रीण उसळून म्हणाली, "घाणीत उतरणाऱ्या पोरीचं कौतुक नका सांगू मला. माझ्या बापाला कोणत्या देवाने औषधाची गोळी दिली?" तिचे म्हणणे खरे होते. सफाईला पुण्यकर्म ठरवून तीच माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्या कामाला जुंपण्याचा डाव आपल्याला नवा नाही. घाणेरडी कामे सोडा, हे बाबासाहेबांनी आपल्याला सांगितले ते उगाच नाही. तरीही एक फरक आम्हाला दिसला. सेनचे काम तिचे प्राक्तन होत नाही. शेवटी करार उडून जातो आणि ती चिहिरो म्हणून बाहेर पडते. शिवाय दोर ओढायला सगळ्यांना लागावे लागते. आपल्याकडे दोर एकाच जातीच्या हातात आहे, हाच तर आपला झगडा आहे.

तिसऱ्या रविवारी पाहिलेल्या चित्रपटाने मात्र आमचीच झाडाझडती घेतली. २०२३ सालचा 'द बॉय अँड द हेरॉन'. त्याच्या जपानी नावाचा अर्थ 'तुम्ही कसे जगणार?' असा होतो. युद्धाच्या काळात आई गमावलेला माहितो. नव्या शाळेतल्या मुलांशी मारामारी होते, आणि घरी येताना तो स्वतःच दगडाने स्वतःचे डोके फोडून घेतो. पुढे तो एका मनोऱ्यातून वेगळ्याच जगात पोहोचतो. ते जग त्याच्या आईच्या घराण्यातल्या एका पूर्वजाने रचलेले आहे. म्हातारा आता थकला आहे. त्याला वारस हवा, आणि तो आपल्याच रक्ताचा हवा. तो माहितोसमोर दगडांचे ठोकळे ठेवतो आणि सांगतो, नवे, निर्मळ जग तू रच.

माहितो नकार देतो. डोक्यावरची खूण दाखवून म्हणतो की हा माझ्याच मनातल्या वाईटाचा पुरावा आहे, हे ठोकळे मी हाती घेऊ शकत नाही. मी माझ्या जगात परत जाईन आणि मित्र मिळवीन. बाहेर युद्ध सुरू आहे हे ठाऊक असूनही तो परत जातो.

आयती गादी, तीही रक्ताच्या हक्काने, आणि एक पोरगा ती नाकारतो! चित्रपट संपला तरी आम्ही बराच वेळ दिवे लावले नाहीत. कारण आमच्यातल्या प्रत्येकाला एक मित्र आठवला होता.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यात अत्याचाराची एक घटना घडली. निषेध सभेत हा मित्र बोलला. लिहून आणलेले भाषण नव्हते, जे आत होते ते बाहेर आले. त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. आठ दिवसांत आम्ही चौकात त्याचा फ्लेक्स लावला. बाबासाहेबांच्या फोटोखाली त्याचा फोटो आणि त्याच्या नावामागे 'संघर्षनायक'. तो म्हणाला, "हे काढा. मला हे नको." आम्हाला वाटले, विनय आहे. पुढच्या सभेला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग आम्ही त्याला पळपुटा म्हटले. तोंडावर म्हटले, ग्रुपवरही लिहिले. तो ग्रुपमधून बाहेर पडला, आणि आम्ही दुसऱ्या एकाचा फ्लेक्स लावला.

१९४३ साली पुण्यात, न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेवर कोरडे ओढले. त्याच भाषणात त्यांनी थोर माणूस कोणाला म्हणावे हेही सांगितले. ज्याच्यामागे सामाजिक हेतूची प्रेरणा आहे, जो समाजावर चाबूक ओढतो आणि समाजाची घाणही साफ करतो, तो थोर. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला. आम्ही दोन्ही भाषणे वाचलेली होती. त्यांवर अभ्यासवर्ग घेतलेले होते. आणि तरीही आम्ही फ्लेक्स छापत होतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे. नायकाची वाट पाहणारी चळवळ आपल्याच पोरांना मोडून टाकते. वस्तीतला पहिला पदवीधर, विद्यापीठात गेलेली पहिली मुलगी, यांच्या खांद्यावर आपण अख्खा समाज ठेवतो आणि ते वाकले की त्यांना गद्दार म्हणतो. भीती वाटणे, नको म्हणणे, आधी स्वतःला तपासणे हा भेकडपणा नाही. चवदार तळ्यावर ओंजळीने पाणी पिणारे आपले पणजोबा नायक म्हणून गेले नव्हते. त्यांनाही भीती वाटली असेलच. पाणी पिऊन झाल्यावर त्यांच्यावर काठ्या पडल्या, तेव्हा त्यांच्या गळ्यात हार नव्हते. त्यांतल्या बहुतेकांची नावेही आपल्याला माहीत नाहीत, आणि चळवळ उभी आहे ती त्यांच्यावरच.

ज्येष्ठांच्या प्रश्नाला आमचे उत्तर हे असे आहे. कार्टून बघून शिष्यवृत्ती मिळत नाही, मान्य. पण आपण एकमेकांशी कसे वागतो हे दिसायला कधी कधी लांबचा आरसा लागतो.

त्या रविवारनंतर आम्ही तिघेजण त्या मित्राच्या घरी गेलो. माफी मागायची म्हणून वाक्ये जुळवून गेलो होतो. त्याच्या पुढच्या खोलीत सात-आठ पोरं जमिनीवर बसलेली, मध्ये जुना लॅपटॉप आणि झेरॉक्सचे गठ्ठे. गेली तीन वर्षे रोज संध्याकाळी तो वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज आणि जात पडताळणीची प्रकरणे भरून देतो, हे आम्हाला तिथे कळले. आम्ही बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात त्याने एक गठ्ठा आमच्याकडे सरकवला.

"बसा. उद्या शेवटची तारीख आहे. एवढ्या पोरांचे उत्पन्नाचे दाखले तपासायचे राहिलेत."

आम्ही बसलो.

जय भीम!