साडेचार किलो पस्ती

मागच्या आठवड्यात इथे इंदूरच्या एका ताईंनी आजीच्या पैठणीबद्दल लिहिलं, तेव्हाच ठरवलं की आपलीही एक गोष्ट सांगून टाकायची. पैठणीसारखी छान नाही. माझ्या हातून झालेल्या नुकसानीची आहे.

आम्ही बडोद्याचे. आजोबा गायकवाडी अमलात कोठीत कारकून. घर दांडिया बाजारात, भाड्याच्या वाड्यात दोन खोल्या आणि माळा. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक, तिच्यात मोडी कागदांचे तीन रुमाल. रुमाल म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गठडी, नव्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो. बाबांना मोडी अस्खलित यायची. मला एक अक्षर येत नाही. त्यांच्या शाळेत शिकवायचे, माझ्या वेळेपर्यंत ते बंद झालं होतं.

बाबा दर दिवाळीला म्हणायचे, "एकदा बस माझ्याजवळ, वाचून दाखवतो, तू बाळबोधीत उतरवून घे." मी म्हणायचो, "रविवारी बसू." कॉमर्स फॅकल्टीतून बी.कॉम. होऊन बँकेत लागलो होतो. मार्च महिना, ऑडिट, बदल्या. असे किती रविवार गेले, कोण मोजतो?

1986 साली आमच्या भागात लॅमिनेशनचं दुकान निघालं. तेव्हा ती मोठी नवलाई. रेशनकार्ड, मार्कशीट, बाळाची पत्रिका, जे दिसेल ते लोक प्लास्टिकमध्ये घालत होते. मी बाबांना म्हटलं, तुमच्यातला एखादा चांगला कागद द्या, कायमचा टिकेल. त्यांनी बराच वेळ शोधून एक पत्र काढून दिलं. घडीवर फाटलं होतं, तिथे मी आधी सेलोटेप लावली, मग गरम रोलरमधून प्लास्टिक. चकचकीत झालं. बाबा खूश झाले, मीही. काय लिहिलंय हे मात्र मी तेव्हाही विचारलं नाही.

बाबा 1992 मध्ये गेले. 1995 मध्ये वाडा सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो. सामान आवरताना ट्रंक उघडली, तर दोन रुमालांना कसर लागलेली, नुसता भुगा पडत होता. आता बघा, मी बँकेत जुन्या रेकॉर्डचं काम पाहिलेला माणूस. 1985 च्या नियमांप्रमाणे काही नोंदी पाच वर्षं ठेवायच्या, काही आठ वर्षं, मग यादी करून, वरिष्ठांची सही घेऊन नष्ट. डोक्यात तेच बसलेलं. हे तर ऐंशी वर्षांचं, कोणाला वाचता येत नाही, म्हणजे मुदत संपली! दोन्ही रुमाल पस्तीवाल्याला दिले. साडेचार किलो भरले. वजन अजून लक्षात आहे. भाव आठवत नाही. तिसरा रुमाल जरा नव्या कापडात बांधलेला होता म्हणून राहिला. बँकेत एक व्हाउचरसुद्धा यादीशिवाय फाडलं नसतं, आणि घरचं मात्र यादी न करता दिलं.

पुढची पंचवीसेक वर्षं काही घडलं नाही. निवृत्त झालो, चालायला कमाटीबागेत जायला लागलो.

2022 मध्ये आमच्या नात्यातली एक मुलगी बडोद्याला शिकायला आली, विद्यापीठाच्या म्युझिऑलॉजी विभागात. तो विभाग 1952 चा, या विषयातला देशातला पहिला, हे मला गावात राहून तिच्याकडून कळलं. तिला घेऊन तांबेकर वाडा दाखवायला गेलो. गायकवाडांचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा वाडा, आता पुरातत्त्व खात्याकडे. भिंतीभर कृष्णलीला, महाभारत, इंग्रज-मराठ्यांची लढाई. मी पूर्वीही पाहिला होता, म्हणजे इकडून आत, तिकडून बाहेर. ती एकेका ठिकाणी थांबायची आणि सांगायची, ओल कुठून चढते, रंग कसा पोपडा धरून सुटतो. म्हणाली, "आजोबा, गेलेला रंग नवीन भरायचा नसतो. आहे तो धरून ठेवायचा. आणि आपण जे करू ते पुढच्या माणसाला काढता आलं पाहिजे."

घरी येऊन मी मोठ्या अभिमानाने लॅमिनेट केलेलं पत्र पुढे ठेवलं. ती गप्प झाली. पोरगी बोलकी आहे, म्हणून ते जास्त जाणवलं. टेपेच्या जागी तपकिरी पट्टा पडला होता. मग हळूच म्हणाली की हे आता सुटणार नाही. गिरणीतला स्वस्त कागद असतो, त्याच्यातलं आम्ल त्यालाच करपवतं, आणि उष्णता देऊन ते सगळं आपण आत कोंडलं. फाटलं असतं तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावून सांधता आलं असतं, ते पाण्याच्या हाताने परत निघतं. "आता फक्त चांगला स्कॅन करून ठेवू. कापायला जाऊ नका हं."

तिसरा रुमाल तिनेच उघडला. मऊ ब्रशने पान-पान झाडलं. उन्हात घालू दिलं नाही, डांबराच्या गोळ्या काढून टाकायला लावल्या. आणि आतून बाबांच्या हातची एक चिठ्ठी निघाली, बाळबोध अक्षरात:

रुमाल 1 – आजोळची पत्रे.
रुमाल 2 – वाड्याचा भाडेव्यवहार, संकीर्ण.
रुमाल 3 – घरखर्चाच्या वह्या.

म्हणजे माझ्यासाठी यादी तयार होती. मी रुमाल सोडलाच नव्हता.

ओळखीचे एक गृहस्थ मोडी वाचतात, त्यांना बोलावलं. प्लास्टिकमधलं पत्र त्यांनी दहा मिनिटांत वाचलं. शके 1837, आश्विन, म्हणजे 1915. माझ्या आजीला तिच्या आईने साताऱ्याकडून पाठवलेलं. विशेष असं काही नाही. मुलाची सर्दी गेली का, बडोद्याचं पाणी त्याला मानवलं का, येणाऱ्या माणसाबरोबर वेखंड, मुरुडशेंग, जायफळ पाठवते आहे, गुटी रोज उगाळून देणे, उत्तर लौकर लिहिणे. ते मूल म्हणजे बाबा. तेव्हा चार महिन्यांचे. तीन रुमालांतून त्यांनी हेच पत्र मला शोधून दिलं होतं, आणि पहिल्या रुमालातलं आज ते एवढंच शिल्लक आहे.

2023 च्या गणेशोत्सवात मंडळात घराघरांतल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन केलं. अडकित्ते, पानपुडे, बडोदे राज्यातली क्रमिक पुस्तकं, गंजिफाचा एक अर्धा डाव. उत्साही मंडळी थर्माकोलवर टाचण्यांनी कागद लावायला निघाली होती, वर फोकस लाइट. मुलीने हात जोडले. शेवटी कागदांच्या रंगीत प्रती लावल्या. एक काका चिडले, "झेरॉक्स बघायला बोलावलंत होय?" मी म्हटलं, "काका, रोकड काउंटरवर किती ठेवतात आणि व्हॉल्टमध्ये किती?" तेही बँकेतलेच. हसले, पुढे गेले.

अस्सल कागद एकच ठेवला, ते पत्र. खाली मी स्वतः लेबल लिहिलं: "सन 1986 मध्ये लॅमिनेशन केले. असे करू नये." बायको म्हणाली, चारचौघांत कशाला? पण त्या लेबलापाशीच लोक सर्वांत जास्त थांबले. दोन जणांनी घरी जाऊन ट्रंका उघडल्या, एकाने पस्तीवाल्याला दारातून परत पाठवलं, असं मागाहून कळलं.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या पार्किंगपर्यंत आलं, तेव्हा घरात सगळ्यात आधी तिसरा रुमाल वरच्या मजल्यावर गेला. मग गॅसचा सिलिंडर.

सध्या रविवारी सकाळी ते गृहस्थ येतात. ते वाचतात, मी उतरवून घेतो. दूध, सरपण, न्हाव्याचे पैसे, बाबांच्या पाटीचे पैसे. ह्रस्व-दीर्घाची भानगड मोडीत नाही हे बरं, पण सगळी अक्षरं एकमेकांच्या गळ्यात पडलेली, या वयात डोळे दुखतात. एका महिन्याची बेरीज आजोबांची दोन आणे चुकली आहे. मी तीनदा करून पाहिली. दुरुस्त केली नाही, बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. वही पहिली, पान सत्तावीस चालू आहे.