एकशेचौतीस टक्के

मंडळी, शीर्षकात टक्के बघून पळून जाऊ नका. मी जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. गणिताच्या तासाला गेले ती फक्त कुणी रजेवर असेल तेव्हा, बदली म्हणून. तरी आजचा लेख टक्केवारीवर आहे, कारण गेल्या वर्षभर आमच्या घरात एका टक्केवारीने मुक्काम ठोकला होता.

झालं असं, की गेल्या वर्षीच्या नेहमीच्या रक्ततपासणीत माझ्या रक्तात एक जास्तीचं प्रोटीन सापडलं. हाडांच्या मगजात प्लाझ्मा पेशी असतात, त्या रोगाशी लढणारी प्रोटीनं तयार करतात. त्यातलं एखादं कुटुंब फोफावतं आणि एकाच छापाचं प्रोटीन काढत बसतं. त्याला एमगस म्हणतात. हे नाव रॉबर्ट काईल या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली रूढ केलं. त्या लांबलचक नावाचा अर्थ मोठा गमतीचा आहे : 'ज्याचं महत्त्व ठरलेलं नाही असं'. मराठीच्या शिक्षिकेला याहून प्रामाणिक नाव कुठलं मिळणार! पन्नाशीपुढच्या शंभरातल्या साधारण तिघांमध्ये हे असतं, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. मात्र काहींच्या बाबतीत पुढे त्याचं मायलोमा नावाच्या कॅन्सरमध्ये रूपांतर होतं. किती जणांच्या? वर्षाला सुमारे एक टक्का.

आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, "काकू, औषध काही नाही. वर्षातून एकदा रक्त तपासू." मी घरी आले, चहा टाकला.

चिरंजीव न्यू जर्सीत असतात. त्यांनी रात्रीत सगळं वाचून काढलं आणि सकाळी फोन. "आई, वर्षाला एक टक्का म्हणजे वीस वर्षांत वीस टक्के. पाचात एक! हे साधं नाही." मग सूचनांची यादी आली. दर तीन महिन्यांनी पुण्याला जाऊन तपासणी. मगजाची तपासणी पुन्हा. आणि गुडघ्याचं ऑपरेशन, जे मी दोन वर्षं पैसे बाजूला टाकून ठरवलं होतं, ते पुढे ढकलायचं. "हे आधी बघू, गुडघा काय पळून जातोय?"

माझं वय चौऱ्याहत्तर. रक्तदाब आहे, साखर आहे. गुडघ्यामुळे चालणं बंद, चालणं बंद म्हणून साखर वर. मुलाचं प्रेम मला कळत होतं, पण त्याच्या हिशेबात काहीतरी खटकत होतं. वीस वर्षांनी मी चौऱ्याण्णव वर्षांची असेन. तोवर मला दुसरं काहीही होणार नाही, असं त्याने परस्पर धरून टाकलं होतं!

दिवाळीच्या सुट्टीत नात आली. ती पुण्याला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते. तिला ही शंका बोलून दाखवली, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "आजी, तू जे म्हणतेयस त्यावर आम्हाला अख्खा धडा आहे. त्याला कॉम्पिटिंग रिस्क म्हणतात." म्हणजे शर्यतीतल्या जोखमी. माणसाला गाठायला अनेक जणी धावत असतात, आणि एक आधी पोचली की उरलेल्यांची शर्यत तिथेच संपते.

मग तिने लॅपटॉप उघडला. 'आर' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी १९९०च्या दशकात ते सुरू केलं. फुकट मिळतं. आणि त्यातल्या 'सर्व्हायव्हल' नावाच्या पॅकेजमध्ये सरावासाठी जी माहिती दिलेली आहे, त्यात नेमकी माझ्या दुखण्याचीच एक वही निघाली! मेयो क्लिनिकची, म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटाची. एमगसचे १३८४ रुग्ण, काही दशकं पाठपुरावा केलेले. निदानाच्या वेळी त्यातले निम्मे बहात्तरीच्या आसपास किंवा पुढे, म्हणजे माझ्याच वर्गातले.

पण ती वही उघडण्याआधी नातीने मला कागदावर दहा जणांचं गणित करायला लावलं. तेच तुम्हाला सांगते, वहीपेन्सिल घ्या हवं तर.

समजा, माझ्यासारखे दहा जण आहेत. दुसऱ्या वर्षी चौघे दुसऱ्याच कारणाने गेले (हृदय, पक्षाघात, काहीही). उरले सहा. चौथ्या वर्षी त्यातल्या एकाला तो कॅन्सर झाला. उरले पाच. सहाव्या वर्षी तिघे पुन्हा दुसऱ्या कारणाने गेले. उरले दोन. आठव्या वर्षी त्यातल्या एकाला कॅन्सर झाला. दहाव्या वर्षी एक जण ठणठणीत. आता सांगा, दहा वर्षांत कॅन्सर किती जणांना झाला? दोघांना. म्हणजे वीस टक्के. पहिलीतलं पोरही सांगेल.

पण एक नावाजलेली पद्धत आहे, कॅप्लन आणि मायर या दोघांनी १९५८ साली मांडलेली. जगभरच्या डॉक्टरी संशोधनात ती वापरतात. तिचं म्हणणं असं : ज्यांचा पत्ता मधेच तुटला त्यांना तेवढ्यापुरतं हिशेबातून काढा, उरलेल्यांवरून अंदाज करा. याला ते सेन्सॉरिंग म्हणतात (आपल्या सिनेमावाल्यांचं नव्हे). आता दुसऱ्या कारणाने गेलेल्यांनाही 'पत्ता तुटलेले' धरलं तर काय होतं बघा. चौथ्या वर्षी सहातला एक, म्हणजे पाच-षष्ठांश वाचले. आठव्या वर्षी दोनातला एक, म्हणजे निम्मे वाचले. दोन्हींचा गुणाकार पाच-बारांश, म्हणजे बेचाळीस टक्के वाचले. म्हणजे कॅन्सर अठ्ठावन्न टक्क्यांना!

दोघांचे अठ्ठावन्न टक्के कसे झाले?

हीच पद्धत उलटी लावा, दुसऱ्या कारणाने गेलेल्यांसाठी. दहातले चार गेले, पाचातले तीन गेले. वाचले सहा-दशांश गुणिले दोन-पंचमांश, म्हणजे चोवीस टक्के. गेले शहात्तर टक्के. अठ्ठावन्न आणि शहात्तर, बेरीज एकशेचौतीस. शंभर माणसांतली एकशेचौतीस! आणि दहावा ठणठणीत माणूस अजून मोजायचाच आहे.

मी नातीला म्हटलं, "अगं, हे तर आमच्या हजेरीपटातलंच आहे." वर्ग शिक्षिकेला ठाऊक असतं, पटावरून नाव कमी होण्याचे दोन प्रकार असतात. एक, वडिलांची बदली झाली, मुलगा दाखला घेऊन दुसऱ्या गावच्या शाळेत गेला. तो दहावी पास होईल की नाही, मला कळणार नाही, पण होऊ शकतो. आमच्या वर्गातली मुलं ज्या प्रमाणात पास होतील त्याच प्रमाणात तोही होईल, असं धरणं चूक नाही. दुसरा, मुलाची शाळाच सुटली, कायमची. त्यालाही 'दुसरीकडे शिकत असेल' असं धरलं तर निकाल फुगतो. कॅप्लन-मायर पद्धत पहिल्या प्रकारासाठी आहे. मेलेल्या माणसाला दाखला घेऊन गेलेला धरायचं नसतं. त्याला तो कॅन्सर आता कुठल्याच गावी होणार नाही.

यावर उपाय म्हणजे क्युम्युलेटिव्ह इन्सिडन्स, आपण संचित प्रमाण म्हणू. त्यात प्रत्येक टप्प्यावर आधी विचारायचं, 'इथवर सगळ्यातून वाचून पोचले किती?' आणि मग, 'त्यातल्या कितींना हे झालं?' चौथ्या वर्षापर्यंत साठ टक्के पोचले, त्यांचा सहावा भाग दहा टक्के. आठव्या वर्षापर्यंत वीस टक्के पोचले, त्यांचे निम्मे दहा टक्के. एकूण वीस. दुसरी कारणं सत्तर, ठणठणीत दहा. बेरीज बरोबर शंभर. आलेन आणि योहान्सेन या दोघांनी १९७८ साली याची व्यवस्थित मांडणी केली.

सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं एका रकान्यावर अवलंबून असतं, हे बघून मला नवल वाटलं. प्रत्येक माणसापुढे दोन गोष्टी लिहायच्या : किती काळ पाहिलं, आणि शेवट काय झाला. शेवटाच्या रकान्यात 'कॅन्सर झाला' आणि 'नाही झाला' एवढेच दोन पर्याय दिले, तर मशीन मुकाट्याने कॅप्लन-मायर काढून देतं. कुरकुर नाही, सूचना नाही. पण तीन पर्याय दिले, म्हणजे 'पत्ता तुटला', 'कॅन्सर', 'त्याआधी मृत्यू', आणि हे तीन वेगळे प्रकार आहेत असं बजावलं (पत्ता तुटलेला पहिला लिहायचा बरं का), तर तीच आज्ञा संचित प्रमाण काढून देते. रॉबर्ट ग्रे यांचं एक वेगळं पॅकेजही याच कामासाठी आहे. पण रकाना कसा भरायचा, हे माणसानेच ठरवायचं.

मग ती मेयोची वही उघडली. १३८४ पैकी ११५ जणांना मायलोमा किंवा त्याच जातीचा आजार झाला. तो न होताच ८६० जण गेले. ४०९ जण पाठपुरावा संपला तेव्हा हयात होते आणि आजारापासून लांब होते. मी ते आकडे चष्मा पुसून पुन्हा वाचले. एकशेपंधरा आणि आठशेसाठ!

घरातले सगळे वर्षभर एकशेपंधरांच्या रांगेकडे बघत बसले होते, आणि आठशेसाठांच्या रांगेत माझा रक्तदाब, माझी साखर, माझं घरात बसून राहणं हे सगळं शांतपणे उभं होतं.

म्हणजे चिरंजीवांचा आकडा खोटा होता का? नाही. त्याचा प्रश्न वेगळा होता : 'दुसरं काहीच झालं नाही तर?' हा प्रश्नही जुना आणि मानाचा आहे. डॅनिएल बर्नुलीने १७६० साली पॅरिसच्या अकादमीपुढे देवीच्या रोगाबद्दल नेमका तोच मांडला. देवी नाहीशी झाली तर माणसाचं सरासरी आयुष्य किती वाढेल? त्याने हिशेब केला : २६ वर्षं ७ महिन्यांवरून २९ वर्षं ९ महिने. टोचून घ्यावं की नाही, हा वाद तेव्हा चालू होता आणि त्याला हे उत्तर हवं होतं. पुढे जेनरची लस आली, १८०२ साली मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती पहिल्यांदा टोचली गेली, आणि १९८० साली जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. माझ्या दंडावरची गोल खूण त्याच कहाणीची. तेव्हा 'दुसरं काही नसतं तर' हा प्रश्न रोग समजून घ्यायला, औषध शोधायला उपयोगी. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने पुढची वर्षं कशी घालवावीत, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

नातीने एक इशाराही दिला, तोही सांगायला हवा. संचित प्रमाण कमी दिसलं म्हणून लगेच खूश व्हायचं नाही. एखादी गोष्ट माणसांना लवकर मारत असेल, तर तिच्यामुळे कॅन्सरचं प्रमाण आपोआप कमी दिसेल, कारण कॅन्सर व्हायला माणसं उरणारच नाहीत! फाईन आणि ग्रे यांनी १९९९ साली दिलेली पद्धत खूप वापरतात, तिचे आकडे वाचतानाही हे भान ठेवावं लागतं. म्हणून एक रेघ बघायची नाही, सगळ्या रेघा शेजारीशेजारी बघायच्या.

मला हे वाचून उदास वाटलं असेल, असं आमच्या ह्यांना वाटलं. उलट मला हलकं वाटलं. आपण कधीतरी जाणार, हे काय सॉफ्टवेअरने सांगायला हवं? पण भीती कुठे किती खर्च करायची, याचा हिशेब मांडून मिळाला. भीतीचंही पेन्शनसारखंच असतं, ठरावीक रकमेत महिना काढायचा.

नातीने तो तीन रंगांचा आलेख मामाला पाठवला. त्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन. "आई, गुडघ्याची तारीख कधीची मिळतेय?"

डॉक्टरांना सगळं विचारूनच ठरवलं. रक्ततपासणी वर्षातून एकदा चालू आहे, ती मी चुकवणार नाही, कारण एकशेपंधरांत माझं नाव नसेलच असं कुठे लिहिलंय? गुडघा झाला. सर्जन म्हणाले, कृत्रिम सांधा पुन्हा बदलावा लागण्याचे टक्के इतके इतके. मी विचारलं, "डॉक्टर, तोवर मी दुसऱ्या कशाने गेले तर, ते यात धरलंय का?" ते क्षणभर बघतच राहिले आणि मग खुर्ची पुढे ओढून नीट समजावायला लागले.

तुम्हालाही कुणी दहा-वीस वर्षांचे टक्के सांगितले तर एवढा एक प्रश्न जरूर विचारा. आता मला उठलं पाहिजे. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास चालायचं, असं ठरलंय.