आम्ही दोघी म्हणजे एक घर

दादाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीचा फोटो मी पाहिला तेव्हा आमच्या नळाला पाणी आलं होतं. सोलापुरात चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि ते येतं त्या दिवशी घरात दुसरं काही सुचत नाही. पिंप, घागरी, बादल्या, मोरीतला हौद, सगळं भरेपर्यंत मान वर करायला सवड नसते. लेक माझा फोन घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मम्मी, मामाकडची पूजा झाली बघ."

मी ओल्या हातानंच फोन घेतला. नव्या हॉलमध्ये सगळे दाटीवाटीनं उभे होते. मधोमध खुर्चीवर आई. दादा-वहिनी अजून पूजेच्या कपड्यांत. धाकटी बहीण, तिचा नवरा, तिची दोन मुलं. वहिनीच्या माहेरची माणसं. मी नुसती बघत राहिले. मोजलं ते लेकीनं. "एकवीस जण आहेत. आपण दोघीच नाही."

बोलावलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. आठवडाभर आधी दादाचा फोन आला होता. "संध्याकाळी जेवायला या दोघी. सकाळी काय, होमाचा धूर आणि गुरुजींची घाई. तुला आठवड्यातून एक रविवार मिळतो, पहाटेपासून कशाला उठबस?" मी बरं म्हटलं. धाकटी मात्र शनिवारी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं येऊन रात्रीच मुक्कामाला थांबली होती. बहिणीचा मान तिनं घेतला. दादाला दोन बहिणी आहेत आणि मी मोठी आहे.

हे गेले एप्रिल २०२१ मध्ये. टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होते. ताप आला त्याच्या तिसऱ्या दिवशी बेड मिळाला आणि अकराव्या दिवशी मला फोन आला. अंत्यविधी पालिकेच्या माणसांनी केला, मी लांबून पाहिला. त्या दिवसांत कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं. आई फोनवर रडायची, दादा पिशवीत किराणा आणून फाटकाला अडकवून जायचा. त्याबद्दल माझ्या मनात आजही राग नाही. भीती सगळ्यांनाच होती आणि त्याच्याही घरात लहान मुलं होती. पण माणूस गेल्यावर घरात चार बायका येऊन बसतात, कुणी भात टाकतं, कुणी पोरं सांभाळतं, रात्री शेजारी कुणीतरी झोपतं, तेव्हा कुठे मागे राहिलेल्या बाईला आपण अजून माणसांत आहोत असं वाटतं. माझ्या वाट्याला ते दिवस आलेच नाहीत. लेक पाच वर्षांची होती. रात्री ती झोपली की मी फ्रिजचा आवाज ऐकत पडायची.

पुढं बंदी उठली, बाजार उघडला, लग्नं वाजतगाजत होऊ लागली. तोवर माझ्याकडे न येण्याची सगळ्यांना सवय झाली होती.

सासरची माणसं बार्शी तालुक्यातली. शेताच्या सातबाऱ्यावर लेकीचं नाव वारस म्हणून लावायचा विषय मी काढला आणि तिकडचे फोन थांबले. ते मला फारसं लागलं नाही. जमिनीचा वाद आहे, त्याचं कारण तरी डोळ्यांना दिसतं. माहेरचं लागलं, कारण तिथे भांडण झालेलंच नाही. दादा वाईट नाही, वहिनी तर मुळीच नाही. लेकीच्या शाळेची पहिल्या वर्षाची फी दादानं भरली. आजही अर्ध्या रात्री फोन केला तर तो गाडी काढून येईल. संकटात मला माझी माणसं आहेत. आनंदात मात्र त्यांना माझी आठवण उशिरा होते.

प्रत्येक वेळी त्यामागे माझीच काळजी असते. मी एमआयडीसीत एका युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब बघते. सोलापुरात शिवलेले शाळेचे गणवेश देशभर जातात आणि आमचा हंगाम गुढीपाडव्यापासून शाळा सुरू होईपर्यंत. नेमके तेच लग्नाचे मुहूर्त. "तुझा सीझन चालू असणार म्हणून बस्त्याला नाही बोलावलं." धाकट्या बहिणीच्या नणंदेचं डोहाळजेवण: "तुला बघून बायका उगीच काहीबाही बोलतात, मग तूच घरी जाऊन रडतेस." तुळजापूरला सगळे गेले: "गाडीत सातच सीट, आणि तुझ्या लेकीला गाडी लागते." ती तीन वर्षांची असताना लागायची. आता नाही लागत, हे त्यांना कळायला ती त्यांच्या गाडीत बसायला हवी ना?

मी जाईन की नाही, मला झेपेल की नाही, मला वाईट वाटेल की नाही, हे सगळं माझ्या वतीनं आधीच ठरलेलं असतं. माझ्यापर्यंत पोचतो तो निकाल, आणि तोही इतक्या मायेनं सांगितलेला की त्यावर रागावणं मलाच कोतेपणाचं वाटतं.

खूप दिवस मला नीट शब्द सापडत नव्हता. मग एका लग्नपत्रिकेनं तो दिला. चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं. हे होते तेव्हा पत्रिकेवर यांचं नाव आणि खाली 'सहकुटुंब' असायचं. आता पत्रिका दादाच्या नावानं आली आणि आमचं नाव तोंडी सांगितलं गेलं: "तुम्ही दादाबरोबर याच." नवरा-बायकोला घर म्हणून बोलावतात. आम्हा दोघींना कुणाच्या तरी घराबरोबर बोलावतात. निजायला अंथरूण मिळेल तिथं, गाडीत जागा उरली तर, पंगतीत कोपऱ्यात. भाडं मी भरते, वीजबिल माझ्या पगारातून जातं, आजारपणं, पालकसभा, गॅसचा नंबर, सगळं या दोन खोल्यांत चालतं. तरी आमचं घर मोजलं जात नाही. दोन सुटी माणसं मोजली जातात.

सरकारी कागदावर मात्र मी 'एकल पालक' आहे. कोरोनानंतर राज्यात मिशन वात्सल्य सुरू झालं. हेरंब कुलकर्णींच्या पुढाकारानं उभी राहिलेली कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती ठिकठिकाणी कोणत्या बाईला कुठला कागद लागतो ते सांगत होती. मृत्यूमागे मिळणारे पन्नास हजार रुपये मिळाले. मग लेकीसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला. तेव्हा महिन्याला १,१०० रुपये होते, पुढं ते २,२५० झाले. अर्जाला जोडायच्या कागदांत एक होता पालक आणि मुलाचा फोटो, घराच्या दारासमोर उभं राहून काढलेला. शेजारच्या अक्कांच्या नातवानं तो काढला. दार उघडं, उंबऱ्यावर पुसट झालेली रांगोळी, मी आणि लेक. हे गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात आम्हा दोघींचा तो एकच फोटो आहे. त्याची एक प्रत मी जास्तीची काढून घेतली आणि कपाटाला आतून चिकटवली.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्यामागे आमच्याच जिल्ह्यातले, करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे आणि त्यांचं महात्मा फुले समाजसेवा मंडळ होतं. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढलं आणि इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. बातमी वाचून मी कामाच्या टेबलावरच रडले. झिंजाडेंनी मोठं काम केलं आहे, त्याची किंमत मला कळते. पण माझ्या बांगड्या कुणी फोडल्याच नव्हत्या. फोडायला कुणी आलंच नव्हतं. माहेरी संक्रांतीचं हळदीकुंकू असतं त्या दिवशी वहिनी दुपारी डबा पाठवते. शेंगापोळी, शेंगाची चटणी, लेकीसाठी तिळगुळाची वेगळी पुडी. आणि निरोप, "उद्या ये गं निवांत, आज नुसती गर्दी आहे." या वाक्यात कुठली प्रथा आहे ते ठरावात लिहिता येईल का? मला तरी येत नाही.

सगळ्यांत जास्त मला आईचं गप्प राहणं लागतं. तीही त्याच घरात असते, तो डबा तिच्या डोळ्यांसमोर भरला जातो.

गेल्या गड्डा यात्रेत मी ठरवून लेकीला अक्षता सोहळ्याला नेलं. भोगीच्या दिवशी आमच्या गावात ग्रामदैवताचं, सिद्धेश्वराचं लग्न लागतं. बाराव्या शतकातल्या या शिवयोग्याशी लग्न करायचा एका कुंभाराच्या मुलीनं हट्ट धरला, तेव्हा त्यानं आपल्या योगदंडाशी लग्न लावायला तिला परवानगी दिली, अशी कथा आहे. सात नंदीध्वज मिरवत संमती कट्ट्यापाशी येतात, बाराबंदी घातलेले मानकरी, तळ्याच्या काठापासून गर्दी. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेलं. या खेपेला आम्ही दोघी आणि शेजारच्या अक्का. अक्का तेलुगू भाषक, पद्मशाली. ऐन पंचविशीत नवरा गेला. तीस वर्षं विड्या वळून त्यांनी दोन मुलगे वाढवले, अजूनही मांडीवर सूप घेऊन दारात बसतात.

मी अक्षता आणल्या नव्हत्या. अक्कांनी पदराची गाठ सोडली, थोड्या लेकीच्या मुठीत दिल्या, थोड्या माझ्या. क्षणभर माझा हात मागं आला. चुलतभावाच्या मुलाच्या लग्नात मी अक्षता हातात धरूनच ठेवल्या होत्या, कुणी काही बोललं नव्हतं तरी. इथे संमतीचं वाचन सुरू झालं आणि चारी बाजूंनी अक्षता उडाल्या. कोण सवाष्ण, कोण विधवा, कोण कुठल्या जातीचं, त्या गर्दीत कुणाला दिसतही नव्हतं. मी टाकल्या. केसांत, पदरावर अक्षता घेऊन घरी आलो.

मात्र दुसऱ्या दिवशीच्या होमाला मी लेकीला नेलं नाही. होमकुंडात त्या कुंभारकन्येची प्रतिकृती साडी, मंगळसूत्रानं सजवून अग्नीला देतात. श्रद्धेची गोष्ट आहे आणि मीही हात जोडते. पण तिनं "का?" विचारलं असतं आणि त्या वर्षी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

येताना अक्कांना मी घरातलं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बोलवायची वाट कशाला बघायची? माझं भाऊच आहे की. मी जाऊन बसते." त्यांचं धाडस माझ्यात नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते पूर्ण पटतही नाही. माहेरी हक्कानं जाऊन बसता येतं. पण आपली वाट बघितली जावी असं वाटणं, त्याचं काय करायचं? बोलवणं आलं नाही म्हणून उपाशी राहत नाही कुणी. आपण कुणाच्या मनात होतो की नव्हतो, तेवढंच त्यातून कळतं.

वास्तुशांतीच्या संध्याकाळी मी जेवायला गेले. सगळ्यांची पानं उचलून झाल्यावर दादा गच्चीत टाकी दाखवायला घेऊन गेला. तिथे मी बोलले. चार वर्षांत पहिल्यांदा.

"दादा, सकाळी मला का नाही बोलावलंस?"

"अगं, तुला त्रास नको म्हणून. तुला वाईट वाटलं असतं सगळं जोडीनं बघून."

"वाटलं असतं. मग वाटू दे की. मला काय वाटायचं ते मला वाटू दे. तू विचार, मी नाही म्हणेन. पण नाही मला म्हणू दे."

तो बराच वेळ टाकीच्या झाकणावर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "माझ्या डोक्यातच नाही आलं गं." तो खोटं बोलत नव्हता, आणि ते ऐकून मला हायसं वाटलं नाही.

तुमच्या घरात अशी एक बहीण, नणंद, भावजय, मावसबहीण असेल. कारण चांगलं असलं तरी तिच्या वतीनं ठरवू नका. फोन करा, सकाळचीच वेळ सांगा, तिच्या नावाची वेगळी पत्रिका द्या. ती आली नाही तरी पुढच्या वेळी पुन्हा द्या.

यंदा भोगीच्या आदल्या दिवशी वहिनीचा फोन आला. हळदीकुंकवाला ये, असं ती म्हणाली नाही. "संक्रांतीला सकाळीच येशील का? शेंगापोळ्या तुझ्याएवढ्या पातळ मला लाटता येत नाहीत," एवढंच म्हणाली. मी रजा टाकली. मी लाटल्या, तिनं भाजल्या, आई चटणी कुटत होती. साठ पोळ्या झाल्या. लेक मामेभावंडांबरोबर गच्चीत होती. चार वाजता वहिनीनं साडी बदलली, वाणाच्या वाट्या मांडल्या. आईनं सवयीनं डबा काढला, माझ्यासाठी भरायला. मी म्हटलं, "आई, डबा राहू दे. मी इथंच जेवते."

पाच वाजता बायका येऊ लागल्या. मी हात धुऊन हॉलमध्ये आईशेजारी जाऊन बसले.