हॅलो, ऐकू येतंय का?

मोबाइलची रेंज गेली की आपण काय करतो? हात वर करून खोलीभर फिरतो, मग गॅलरीत जातो, मग टेरेसवर. तिथेही नसेल तर कंपनीच्या नावाने शिमगा! पण टॉवरच बंद असेल, वीज नसेल, नेट नसेल, तर? या 'तर'साठी आम्ही हॉस्टेलच्या काही पोरापोरींनी वर्गणी काढून १२ छोटे रेडिओ जमवले आणि कॅम्पसभर बसवले. त्यांना नोड म्हणतात. एक पाण्याच्या टाकीवर, एक गर्ल्स हॉस्टेलच्या गच्चीवर, एक वर्कशॉपवर, एक मागच्या गेटजवळ आणि बाकीचे इकडेतिकडे. हे नोड ज्यावर चालतात ते सॉफ्टवेअर म्हणजे मेशटॅस्टिक. केव्हिन हेस्टर यांनी ते २०२० मध्ये सुरू केलं. जिथे फोन पोचत नाही तिथे भटकणाऱ्यांना एकमेकांशी बोलता यावं, हा त्यामागचा हेतू.

यातला रेडिओ लोरा पद्धतीचा. हे तंत्र फ्रान्समधल्या सिक्लिओ या छोट्या कंपनीचं. २०१२ मध्ये सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. लोराची गंमत अशी, की आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा १५ डेसिबल खाली असलेला संदेशसुद्धा वाचता येतो. रात्री आठ वाजता मेसमध्ये शेवटच्या टेबलावरची कुजबूज पहिल्या टेबलावर ऐकू यावी, तसंच! आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या अटी पाळून विनापरवाना वापरता येतो. मात्र वेग अगदीच बैलगाडीचा, सेकंदाला साधारण एक किलोबिट. फोटो, गाणी, रील्स विसरा. फक्त अक्षरं.

संदेश पुढे जातो तो वाडीवरच्या हाकेसारखा. एकाने हाक मारली, पलीकडच्याने ऐकली की तो तीच हाक पुढे देतो. अशी हाक सहसा तीनदा पुढे जाते, फार तर सातदा. यातही शिस्त आहे. ज्याला हाक क्षीण ऐकू आली तो बहुधा लांब असणार, म्हणून पुढे देण्याचा मान त्याचा पहिला. त्याचा आवाज ऐकला की जवळचे गप्प बसतात.

नोड बसवले, 'हाय-हॅलो' झालं, दोन दिवस सगळे खूश. तिसऱ्या दिवशी प्रश्न पडला, की हे सगळं खरंच चालू आहे हे कळणार कसं? माझ्या रूम पार्टनरने लगेच सुचवलं, "सोप्पंय रे! प्रत्येकाला दर मिनिटाला विचारायचं, जिवंत आहेस का?" मेसच्या बिलामागे गणित मांडलं. एक छोटा प्रश्न हवेत अर्धा सेकंद घेतो. तो मूळ नोड आणि पुढे देणारे चार, असा पाचदा बोलला गेला तर अडीच सेकंद. उत्तरालाही तेवढेच. म्हणजे एका नोडमागे ५ सेकंद आणि ११ नोडांचे ५५ सेकंद. मिनिटातली ५५ सेकंदं नुसती तब्येतीची चौकशी! खरं बोलायला उरली पाच. अलीकडच्या आवृत्त्यांत थेट संदेशासाठी ठरलेली वाट लक्षात ठेवायची सोय आहे, पण ती वाट सापडेपर्यंत हाक सगळीकडेच जाते. पेशंटला दर मिनिटाला उठवून "झोप लागली का?" विचारणाऱ्या नातेवाइकासारखं झालं असतं.

म्हणून ठरलं, की विचारायचं नाही, नुसतं ऐकायचं. नोड अधूनमधून आपणहून बॅटरीचा व्होल्टेज सांगतातच. एक नोड यूएसबीने रास्पबेरी पायला जोडला. पायथनचा शे-दीडशे ओळींचा प्रोग्रॅम येणारं प्रत्येक पॅकेट टिपून ठेवतो. कुणाचं, किती वाजता, किती स्पष्ट, किती उड्या मारून आलं, बॅटरी किती. रोज सकाळी त्याचे आलेख.

आणि हळूहळू ते आलेख बोलायला लागले. ऑगस्टमध्ये सलग ढगाळ हवा होती. टाकीवरचा नोड सोलरवरचा. त्याचा सकाळी सहाचा व्होल्टेज ३.९, मग ३.८, मग ३.७ असा उतरत गेला. नोड बंद पडण्याआधीच आम्ही भरलेला सेल घेऊन टाकीवर चढलो. वॉचमन काका खालून ओरडत होते, "अरे पोरांनो, पाय घसरेल!" घसरला नाही.

सप्टेंबरमध्ये मागच्या गेटचा नोड एकाएकी गप्प झाला. आलेखात सरळ रिकामी जागा. सेल मेला असं सगळ्यांचं मत. हातात एक नोड घेऊन गेटपर्यंत चालत गेलो, तर तिथे तो व्यवस्थित बोलत होता! मध्येच नव्या इमारतीच्या कामाची लोखंडी परांची उभी राहिली होती. तिच्यामुळे त्याचा आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता, इतकंच. मग लायब्ररीच्या मॅडमची परवानगी काढून त्यांच्या गच्चीवर ऐकणारा दुसरा नोड बसवला. आता एकाला जो गप्प वाटतो, तो दुसऱ्याला ऐकू येतो का ते आधी बघतो.

गप्प म्हणजे काय, हा प्रश्न माझ्यासाठी नुसता प्रोजेक्टचा नाही. माझं आजोळ श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आदळलं. सुपारीच्या, नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, फोन बंद. आम्ही पुण्यात. आई दिवसभर मामाचा नंबर लावायची आणि तिकडून तीच ती बाई सांगायची, संपर्क क्षेत्राबाहेर आहे. आईच्या मनात त्या एका वाक्याचे किती अर्थ आले असतील! पाचव्या दिवशी मामाने कुठल्याशा टेकाडावर जाऊन फोन केला. म्हणाला, "ताई, आम्ही ठीक होतो गं पहिल्या दिवसापासून. छप्पर गेलं, माणसं आहेत. पण तेवढं सांगणार कसं?"

देवनागरीचं एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. आमच्या नोडवर एका संदेशात साधारण २०० बाइट मावतात, म्हणजे साठ-पासष्ट चिन्हं. 'ठीक आहोत' हे मधल्या रिकाम्या जागेसकट २२ बाइटचं होतं. आईचे पाच दिवस त्या २२ बाइटसाठी गेले.

या ऐकण्याला एक दुसरी बाजूही आहे. संदेश कुलूपबंद असतो, पण मूळ चॅनेलची किल्ली जगजाहीर आहे. आपण स्वतःची किल्ली बनवली तरी कोण कुणाशी आणि कधी बोललं हे वरच्या पाकिटावर उघडंच राहतं. गर्ल्स हॉस्टेलमधल्या आमच्याच टीममेटने पहिल्या मीटिंगमध्ये ठणकावलं, "आमचा नोड रात्री किती वाजता हलला याचा आलेख मेसच्या बोर्डवर लागणार असेल तर मी वर्गणी परत घेते." बरोबरच होतं तिचं. त्यामुळे नियम केला. नोंद फक्त गच्चीवरच्या बसक्या नोडांची. कुणाच्या खिशातल्या नोडचं पॅकेट आलं तर प्रोग्रॅम ते लिहितच नाही. जागा दाखवायची सोय बंद. रेक्टर सरांनी "मुलं रात्री कुठे असतात ते यात कळेल का?" असं (हसत!) विचारलं, त्यांनाही हेच उत्तर दिलं. सर म्हणाले, "मग ठीक आहे, राहू द्या."

पुढच्या सुट्टीत दोन नोड घेऊन मी आजोळी जाणार आहे. एक मामाच्या घरावर, एक त्या टेकाडावर. मध्ये डोंगर, ओले माड, खारी हवा. सेल किती टिकेल, आवाज पोचेल की नाही, ते तिथे बसून ऐकल्याशिवाय कळणार नाही. इकडे रोज सकाळी आलेख बघायला आणि ढगाळ आठवड्यात टाकीवर चढायला माणूस हवा आहे. फर्स्ट इयरच्या मंडळींनी खोली विचारत यावं. सोल्डरिंग आलं नाही तरी चालेल, पण ऐकायची सवय हवी.