निळा पट्टा आणि पिवळ्या पाट्या

बाबांची बदली चेन्नईला झाली आणि त्याच वर्षी मी सैनिकी शाळेत दाखल झालो. त्यामुळे चेन्नईच्या क्वार्टरमधली मुलांची खोली एकट्या धाकट्या भावाच्या वाट्याला आली. तो सहा वर्षांचा. रात्री उशी घेऊन आईकडे पळायचा. आईने फोनवर सांगितले, "त्याला ती खोली आपली वाटत नाही. मे महिन्यात आलास की काहीतरी कर."

त्याला विचारले तर एकच उत्तर : रेल्वे! पण कोणती? चेन्नईत हा प्रश्न सोपा नाही. पेरंबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी याच शहरात आहे. २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. तिच्या आवारातल्या रेल्वे संग्रहालयात आम्ही अर्धा दिवस घालवला. भावाला आधी जुन्या डब्यांचा तपकिरी लाल रंग आवडला, नंतर निळा, मग नव्या वंदे भारतचा भगवा. बाबांनी दख्खनच्या राणीची बाजू मांडली. १९३० साली ती सुरू झाली, तेव्हा तिच्या एका गाडीचा रंग रुपेरी व लाल, तर दुसरीचा गडद निळा व सोनेरी होता.

शेवटी निर्णय झाला तो अडचणीमुळे. क्वार्टर सोडताना भिंती पुन्हा पांढऱ्या करून द्याव्या लागतील, असे बाबांनी बजावले होते. शिवाय खोली लहान. चारही भिंती गडद केल्या तर दिवसाही दिवा लावावा लागला असता. तेव्हा पहिल्या वंदे भारतची आठवण झाली. ती पेरंबूरलाच २०१८ मध्ये तयार झाली, म्हणून तिचे पहिले नाव 'ट्रेन १८'. पांढरी गाडी आणि खिडक्यांच्या रांगेत निळा पट्टा. आमची भिंत पांढरी होतीच. फक्त पट्टा हवा होता!

जमीन थोडी उतरती असल्याने जमिनीपासून मोजून रेघ मारली असती तर गाडी घाटात चढल्यासारखी दिसली असती. म्हणून पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने चारही कोपऱ्यांत एकच उंची घेतली, निळीत भिजवलेल्या दोरीचा फटका मारला आणि रेघेला चिकटपट्टी लावली. पॉलिश पेपर मी घासला, धूळ भावाने पुसली. चेन्नईत त्या दिवसांना 'अग्नि नक्षत्रम्' म्हणतात. घाम थांबत नाही आणि समुद्राच्या दमट हवेत रंग वाळत नाही. दुसरा हात दुसऱ्या दिवशी दिला.

दुमजली पलंगावर बर्थचे आकडे लिहिले. स्लीपरच्या डब्यात १७ खालचा, १८ मधला, १९ वरचा. खाली १७, वर १९. भावाने विचारले, "दादा, तू शाळेत गेल्यावर १९ कुणाचा?" मी म्हणालो, "आरक्षित." त्याने तो शब्द खडूने पलंगाच्या दांडीवर लिहून घेतला.

मग पट्ट्याखाली मी येतो त्या मार्गाची स्टेशने लावली : पुणे, दौंड, सोलापूर, वाडी, रायचूर, गुंटकल, रेणिगुंटा, अरक्कोणम, चेन्नई. पाट्या पुठ्ठ्याच्या, खऱ्या स्टेशनांसारख्या पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरांच्या. अरक्कोणम आणि चेन्नई ही नावे शेजारच्या अक्कांनी तमिळमध्येही लिहून दिली. बदल्यात त्यांनी भावाकडून 'दौंड' म्हणायला शिकून घेतले!

मी परतलो त्या रात्री तो १७ वर झोपला. मध्येच उठून आईकडे गेला, पण सकाळी परत आपल्या बर्थवर होता. आता दर रविवारी फोनवर कागदी इंजिन कुठे आहे ते सांगतो. सत्र सुरू झाले की ते पुण्यात उभे असते. सुट्टीला दोन महिने उरले की दौंड, आणि पुढे हळूहळू दक्षिणेकडे.

कॅडेट मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा प्रवासी वाट पाहत असतो. सुट्टीत त्याच्या हातात ब्रश द्या. रेघ थोडी वाकडी आली तरी चालेल. बाबांची पुन्हा बदली होईल तेव्हा आमचा निळा पट्टा पांढऱ्या रंगाखाली जाईल. पाट्या मात्र पेटीत भरायच्या, असे ठरले आहे. नव्या गावाच्या मार्गावर कोणती स्टेशने लागतात, तेवढे पाहावे लागेल. सध्या इंजिन वाडीला पोहोचले आहे.