प्रॉक्सीमागचं कर्ज

'प्रॉक्सी' हा शब्द आपल्यापैकी अनेकांना पहिल्यांदा कॉलेजच्या हजेरीत भेटतो. मित्राचा रोल नंबर पुकारला की मागच्या बाकावरून आपण 'येस सर' म्हणायचं. त्यामुळे मराठीत या शब्दाला थोडा लबाडीचा वास आहे. प्रोग्रामिंगमध्ये मात्र ती रीतसर सोय आहे. जावात डेटाबेसशी बोलणारे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ती रोज भेटते, फक्त समोर प्रॉक्सी आहे हे बहुतेक वेळा लक्षात येत नाही.

ही सोय लागते कशाला? समजा, डेटाबेसमधून एक पावती वाचायची आहे. पावती एका कर्जाची, कर्ज एका सभासदाचं, सभासद एका गावचा, आणि त्या गावचे आणखी शेकडो सभासद. एक पावती उचलली आणि हे सगळंच ओढून आणलं, तर अर्धा डेटाबेस मेमरीत येऊन बसेल. म्हणून २००१ साली गॅव्हिन किंगने सुरू केलेल्या हायबरनेटसारख्या लायब्रऱ्या पावतीसोबत खरं कर्ज आणत नाहीत. त्या जागी एक तोतया ठेवतात. त्याच्याजवळ सुरुवातीला कर्जाचा नंबर तेवढा असतो. तुम्ही रक्कम विचारली की तो डेटाबेसकडे जातो, खरं कर्ज आणतो आणि त्याचं उत्तर तुम्हाला देतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही.

सगळं सुरळीत चालतं. अडतं ते एकाच प्रश्नाला: 'तू नेमका कोण?'

एका सहकारी संस्थेच्या कर्जवाटपाचा जुना प्रोग्राम आमच्या टीमकडे देखभालीला आला होता. पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्याला व्याजात ३ टक्के सूट मिळते. लाखाच्या कर्जावर वर्षाला ३,००० रुपये, म्हणजे बियाण्याच्या काही पिशव्या. एके दिवशी तिथल्या क्लार्कचा फोन आला. "साहेब, एकाच गावचे दोघं. दोघांनी एकाच दिवशी पैसे भरलेत. एकाला सूट लागली, दुसऱ्याला नाही. आता मी त्याला काय सांगू?"

कोड वाचला तर तो सरळ होता. 'कर्ज' हा मूळ क्लास, 'पीककर्ज' आणि 'वाहनकर्ज' ही त्याची मुलं. हिशेब करणारी ओळ विचारत होती: हे पीककर्ज आहे का? असेल तर सूट द्या. त्या दुसऱ्या शेतकऱ्याचं कर्ज पीककर्जच होतं. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, नाव बरोबर. तरीही उत्तर 'नाही' येत होतं.

कारण प्रॉक्सीच्या जन्मात आहे. पावतीवरून कर्जाचा फक्त नंबर कळतो, प्रकार कळत नाही. तो कळायला डेटाबेसकडे जावं लागेल, आणि तेच तर टाळायचं आहे. म्हणून हायबरनेट प्रोग्राम चालू असताना 'कर्ज' या मूळ क्लासचं आणखी एक मूल तयार करतं आणि ते पुढे उभं करतं. म्हणजे प्रॉक्सी आणि पीककर्ज ही भावंडं झाली; एक दुसऱ्यासारखं दिसलं तरी ते दुसरं नव्हे. पुढे खरं कर्ज मेमरीत आलं तरी दारात उभी असलेली प्रॉक्सी हलत नाही, आणि प्रश्न तिलाच विचारला जातो. पहिल्या शेतकऱ्याचं कर्ज आधीच्या एका यादीतून थेट वाचलं गेलं होतं, दुसऱ्याचं पावतीमार्गे. सूट कोणाला मिळायची हे शेतकऱ्यावर नाही, तर कुठला धागा आधी ओढला गेला यावर ठरत होतं.

यावर सरळ उपाय आहे. हायबरनेटच्या ५.२.१० या आवृत्तीपासून 'अनप्रॉक्सी' नावाचं एक फंक्शन मिळतं. त्याला प्रॉक्सी द्या, ते मागची खरी वस्तू हातात ठेवतं. त्याआधीही तिथवर पोचता यायचं, पण लायब्ररीच्या आतल्या खोल्यांतून वाट काढत. एक अट मात्र आहे: खरी वस्तू अजून आणलेली नसेल, तर डेटाबेसशी चाललेलं सेशन संपण्याआधी ती मागायला हवी. सेशन बंद झालं की प्रॉक्सीजवळ नंबर उरतो, पण त्या नंबरामागचं कर्ज आणायची वाट उरत नाही.

डेटाबेसच्या जोडणीतही हाच प्रकार आहे. पूलमधून मिळणारं कनेक्शन वेष्टनात गुंडाळलेलं असतं. ते 'बंद' केलं तरी खरं बंद होत नाही, पूलमध्ये परत जातं. पण पोस्टग्रेसमध्ये हजारो ओळी एकदम भरायच्या असतील, तर तिथली खास सोय खऱ्या कनेक्शनकडेच असते. २००६ साली जावा ६ सोबत आलेल्या जेडीबीसी ४.० ने त्यासाठी 'अनरॅप' ही पद्धत प्रमाणातच घातली. मला हा निर्णय फार समंजस वाटतो. मधे उभं राहणाऱ्याने आधीच कबूल करायचं की कधीतरी मी आड येईन, तेव्हा मला बाजूला करायचा रस्ता हा. घेणाऱ्यानेही मर्यादा पाळायची: काम झालं की सोडायचं, आतलं कनेक्शन परस्पर बंद करायचं नाही.

आम्ही त्या प्रोग्राममध्ये शेवटी 'अनप्रॉक्सी' वापरलं नाही. 'तू पीककर्ज आहेस का?' हा प्रश्नच काढून टाकला आणि 'तुझी सूट किती?' असं विचारायला लागलो. सूट मोजायचं काम प्रत्येक कर्जाने आपापलं करायचं. हा प्रश्न प्रॉक्सी मुकाट मागे पोचवते आणि आतलं पीककर्ज उत्तर देतं. जुने हिशेब पुन्हा चालवले आणि राहिलेल्या सुटीची यादी क्लार्ककडे पाठवली.

तेव्हापासून कोडमध्ये कुणी वस्तूची जात विचारताना दिसलं की मी थांबतो. काम सांगून भागत असेल तर ओळख कशाला विचारायची? आणि ओळखीवाचून भागतच नसेल, तर उत्तर दारात उभ्या असलेल्याकडून घेऊ नये, आत जाऊन घ्यावं.