खयालाचे मोल आणि थेट विक्री : एका गायिकेचा अनुभव

स्वतंत्र संगीतकार, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा खर्च स्वतः करून त्याचे हक्कही स्वतःकडे राखणारा कलावंत, आपले डिजिटल संगीत आज प्रामुख्याने दोन मार्गांनी लोकांपुढे ठेवतो : एक स्ट्रीमिंगचा, ज्यात श्रोता काहीही विकत न घेता केवळ ऐकतो, आणि दुसरा थेट विक्रीचा, ज्यात ध्वनिमुद्रणाची फाइल पैसे मोजून तो कायमची आपल्याकडे ठेवतो. यांपैकी दुसरा मार्गच खयालाला परवडणारा आहे, हे प्रस्तुत लेखिकेला एका रागाचे आपले ध्वनिमुद्रण दोन्ही मार्गांनी प्रसिद्ध केल्यावर पटले.

स्ट्रीमिंग सेवेपर्यंत स्वतंत्र कलावंत सहसा वितरकामार्फत पोहोचतो. हा मध्यस्थ शुल्क किंवा उत्पन्नातील वाटा घेऊन एकच ध्वनिमुद्रण अनेक सेवांकडे पाठवतो आणि प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक असल्याची खात्री करतो. स्पॉटिफायसारख्या सेवेवर वर्गणी आणि जाहिरातींच्या उत्पन्नाचा ठरावीक भाग एकत्र करून तो एकूण श्रवणांतील वाट्यानुसार हक्कधारकांत विभागला जातो. ट्रॅक तीस सेकंद ऐकला की एक श्रवण धरले जाते, आणि २०२४ पासून मागील बारा महिन्यांत १,००० श्रवणे न झालेल्या ट्रॅकला या विभागणीत वाटाच मिळत नाही. परिणामी तीन मिनिटांचे चित्रपटगीत आणि अर्ध्या तासाहून अधिक चालणारा विलंबित खयाल यांची गणना सारखीच होते. लेखिकेला तर आलाप, बोलआलाप आणि ताना यांचे वेगवेगळे ट्रॅक करण्याचा सल्लाही मिळाला; त्याने श्रवणांची संख्या वाढली असती, परंतु ज्या सलग बढतीवर खयाल उभा असतो तीच मोडली असती, म्हणून विलंबित आणि द्रुत असे दोनच ट्रॅक ठेवण्यात आले.

थेट विक्रीचे आजचे रूप पाश्चात्त्य संगीतातील काही प्रयोगांतून घडले आहे. रेडिओहेड या इंग्लिश वाद्यवृंदाने ऑक्टोबर २००७ मध्ये ‘इन रेनबोज’ हा संग्रह स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवून त्याची किंमत श्रोत्यावर सोपवली, तर नाइन इंच नेल्स या अमेरिकन वाद्यवृंदाने मार्च २००८ मध्ये ‘घोस्ट्स’च्या छत्तीस रचनांपैकी नऊ विनामूल्य, सर्व रचना पाच डॉलरना आणि मर्यादित विशेष आवृत्ती ३०० डॉलरना, अशा पायऱ्या लावल्या. २००८ मध्येच सुरू झालेल्या बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या सेवेने असा व्यवहार सामान्य कलावंताच्या आवाक्यात आणला; किमान किंमत कलावंत ठरवतो, श्रोत्याला अधिक रक्कम देण्याची मुभा असते आणि डिजिटल विक्रीवर सेवेचा वाटा १५ टक्के असतो. भारतात शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये स्थापलेल्या अंडरस्कोर रेकॉर्ड्सनेही हक्क कलावंताकडेच राहावेत, ही भूमिका घेतली होती.

लेखिकेने बँडकॅम्पवर संपूर्ण ध्वनिमुद्रणाला एकच किमान किंमत लावली आणि एमपी-३ सोबत फ्लॅक, म्हणजे ध्वनीचा कोणताही अंश न गमावता आकार कमी करणारी, फाइलही दिली, कारण तानपुऱ्याच्या जोडीतून उमटणारे सूक्ष्म स्वर तीत शाबूत राहतात. बंदिशींचे शब्द आणि स्वरलेखन यांची पुस्तिका जोडल्यावर संगीताचे विद्यार्थी आपणहून खरेदी करू लागले, आणि परदेशस्थ मराठी श्रोत्यांपैकी काहींनी किमान किमतीहून अधिक रक्कम दिली. संगतकारांना ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मानधन आणि पुढे विक्रीतील वाटा मिळेल, असा लेखी करार आधीच केलेला असल्याने हिशेबात संदिग्धता उरली नाही.

देशांतर्गत विक्रीसाठी मात्र वेगळी सोय करावी लागली. बँडकॅम्पवरील विक्रीची रक्कम जिच्यामार्फत मिळते त्या पेपाल या आंतरराष्ट्रीय देयकसेवेने १ एप्रिल २०२१ पासून भारतातील अंतर्गत व्यवहार बंद केले असल्यामुळे तिच्यामार्फत अमेरिकेतील श्रोत्याकडून पैसे घेता येतात, पण पुण्यातील श्रोत्याकडून नाही. म्हणून मैफलीनंतर क्यूआर कोड दाखवून यूपीआयने रक्कम स्वीकारायची आणि श्रोत्याला फाइलचा दुवा पाठवायचा, ही साधी पद्धत लेखिकेने अवलंबिली. तीत प्रत्येक नोंद हाताने ठेवावी लागते, परंतु मध्यस्थाचा वाटा जात नाही आणि श्रोत्याशी ओळखही होते.

स्ट्रीमिंगचे मूल्य यामुळे नाहीसे होत नाही. द्रुत बंदिश तेथे ऐकून अनेकांनी पूर्ण ध्वनिमुद्रणाची चौकशी केली. तथापि प्रसिद्धी आणि उत्पन्न ही दोन कामे वेगळी आहेत, हे तरुण गायकांनी ओळखावे. द्रुत बंदिश सर्वांसाठी खुली ठेवावी आणि विलंबितासह पूर्ण राग स्वतःच्या नावाने, स्वतः ठरवलेल्या किमतीला विकावा.